लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते व उद्योजक होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हाती देशी बनावटीचा लोखंडी नांगर देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. हा नांगर १९०३ मध्ये तयार झाला. पण पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. वस्तू बनवण्यापेक्षा ती लोकांच्या गळी उतरवणे किती अवघड असते, याचा अनुभव त्यांनी या दोन वर्षांत घेतला. पुढील काळात त्यांनी माणसे निवडली, कारखाना चालवला आणि बाजारपेठ मिळवली, त्या सर्व व्यवहारांवर या अनुभवाची छाप दिसते.

जन्म, कुटुंब आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे होते. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलांनी परंपरेप्रमाणे शिकून प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्या काळातील सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांची सर्वसाधारण अपेक्षा असे. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासात रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांची जुळवाजुळव करणे या दोन गोष्टींची त्यांना लहानपणापासून ओढ होती.

१८८५ मध्ये वडिलांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. थोरले बंधू रामूअण्णा यांनी या निर्णयात त्यांची बाजू घेतली. सुमारे दोन वर्षांनंतर त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नव्हता आणि त्यामुळे चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रेखाटनाला मात्र रंगांची गरज नव्हती. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला. पुढे कारखान्यात यंत्राचा सुटा भाग ओतण्यापूर्वी तो कागदावर नेमका उतरवण्याची सवय त्यांना उपयोगी पडली.

मुंबईतील अध्यापन

शिक्षणानंतर लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे अध्यापक झाले. संस्थेच्या कर्मशाळेत वाफेची इंजिने व निरनिराळी यंत्रे होती. अध्यापनातून उरलेला वेळ ते या कर्मशाळेत घालवीत. यंत्रे खोलणे, पुन्हा जोडणे आणि त्यांच्याविषयीची इंग्रजी पुस्तके वाचणे, हे त्यांचे खरे तंत्रशिक्षण ठरले. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यामुळेच की काय, प्रमाणपत्रापेक्षा हाताची करामत आणि शिकण्याची तयारी मोलाची मानण्याकडे त्यांचा कल आयुष्यभर राहिला.

नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. या अन्यायानंतर १८९७ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला गेले.

सायकलींचे दुकान

बेळगावात त्यांच्यासाठी व्यवसायाची पायाभरणी आधीच झालेली होती. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी तेथे सायकलींचे दुकान काढले होते. मुंबईहून सायकली घेऊन पाठवण्याचे काम लक्ष्मणराव करीत, तर विक्री रामूअण्णा पाहत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव याच दुकानापासून रूढ झाले.

त्या काळी सायकल ही बेळगावसारख्या गावात अपूर्वाईची वस्तू होती. ती पाहायला लोक जमत, पण चालवण्याचे धाडस थोडेच करीत. रामूअण्णा विक्रीबरोबरच सायकल चालवायलाही शिकवीत आणि त्यासाठी १५ रुपये घेत. अपरिचित वस्तूबरोबर ती वापरण्याची विद्याही पुरवावी लागते, हा धडा बंधूंना या दुकानात मिळाला. गिऱ्हाईक हौशी आणि सधन असल्यामुळे तो फारसा जड गेला नाही. पुढे शेतकऱ्याकडे वळल्यावर मात्र हाच धडा त्यांना नव्याने गिरवावा लागला.

लोखंडी नांगर

बेळगावला आल्यानंतर लक्ष्मणरावांनी लहानशी कर्मशाळा उभारली. तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. ज्वारीचा कडबा आख्खा टाकला तर जनावरे कोवळा भाग खाऊन जाड बुडखे तुडवतात. तोच बारीक कापून घातला तर वाया कमी जातो. या यंत्राचा उपयोग गोठ्यात उभे राहून डोळ्यांनी पाहता येत असे.

त्यानंतर १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर बनवला. परदेशी बनावटीचे नांगर त्या वेळी भारतात येत होते. परंतु शेतीची अवजारे येथील जमिनीला आणि येथील बैलांच्या ताकदीला मानवतील अशीच असली पाहिजेत, असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण पूर्णपणे उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे असलेले वक्र पाते कापलेली माती पालथी करते. त्यामुळे हरळी व कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. दख्खनच्या काळ्या भारी जमिनीत खोल नांगरटीसाठी जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. तेथे हा फरक विशेष महत्त्वाचा होता.

तरीही नांगर विकला गेला नाही. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते आणि नापीक बनते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. तयार नांगर कर्मशाळेत पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन वर्षे गेली.

नकारामागील कारणे

या नकाराचे वर्णन बहुधा केवळ अंधश्रद्धा असे केले जाते. शेतकऱ्याची त्या काळची परिस्थिती पाहता ते अपुरे वाटते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खनमधील शेती मोडकळीस आणली होती. गुरे मोठ्या संख्येने मेली होती आणि अनेक घरांवर सावकाराचे कर्ज होते. नवीन अवजार फसले तर कारखानदाराचा एक नांगर परत येई. शेतकऱ्याचा मात्र अख्खा हंगाम बुडे आणि त्याबरोबर वर्षाचे धान्यही जाई.

दुसरे कारण गावाच्या रचनेत होते. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी व दुरुस्त करी आणि फाळाला लोहार धार लावी. त्यांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने सुगीनंतर धान्यात दिला जाई. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजावे लागत. ओतीव लोखंडाचा भाग मोडला तर गावच्या भात्यावर तो जोडता येत नसे. नांगर घेणे म्हणजे ओळखीच्या सुतार-लोहाराऐवजी दूरच्या कारखान्यावर अवलंबून राहणे होते. जमीन विषारी होते या बोलण्यामागे अशी पुष्कळ न बोललेली भीती होती.

प्रसाराची रीत

नुसत्या युक्तिवादाने ही भीती जाण्यासारखी नव्हती. नांगर शेतात चालवून दाखवणे, हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. शेतकी प्रदर्शने, जत्रा आणि बाजाराची गावे येथे अवजारे नेली जाऊ लागली. एका गावात एकाने नांगर घेतला की शेजाऱ्याच्या बांधावरून त्याचे काम दिसे. नांगरलेल्या रानात पुढच्या सुगीला पीक उभे राहिले, म्हणजे विषाची शंका आपोआप मिटे. त्यामुळे विक्रीचा वेग हंगामाच्या वेगाशी बांधलेला होता. घाई करून तो वाढवता येत नव्हता.

विक्री वाढवायची तर सुटे भाग गावापर्यंत पोहोचवणे तितकेच आवश्यक होते. जेथे फाळ बदलून मिळतो तेथे नांगर टिकतो. या गरजेतून गावोगावच्या विक्रेत्यांचे जाळे हळूहळू विणले गेले. हा विक्रेता बहुधा तालुक्याच्या गावचा ओळखीचा दुकानदार असे. कारखान्याच्या शब्दाला त्याच्या ओळखीमुळे वजन येई.

किर्लोस्करवाडीची स्थापना

नांगराचे बस्तान बसू लागले असतानाच नवे संकट आले. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती आणि जानेवारी १९१० मध्ये ती सोडण्याची पाळी आली. दुसरीकडे जागा घेऊन कारखाना उभा करण्याइतके भांडवल बंधूंजवळ नव्हते.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना मदतीचा हात दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी संस्थानच्या हद्दीतील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. हा भाग आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. जमीन ओसाड होती. तेथे निवडुंग माजलेला होता, सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याचे दुर्भिक्ष होते. रेल्वेची सोय हीच त्या जागेची मोठी जमेची बाजू होती.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. निवडुंग तोडून शेड उभारण्यात आल्या आणि यंत्रे बसवण्यात आली. कामगार व त्यांची कुटुंबे प्रारंभी तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली. लक्ष्मणराव व त्यांच्या पत्नी राधाबाई यांनीही याच माळावर संसार थाटला. हळूहळू घरे, रस्ते, शाळा व पाणीपुरवठा यांची सोय होऊन तेथे आखीव वसाहत उभी राहिली. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते. पुढे कुंडल रोड स्थानकालाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

सहकारी आणि नेतृत्वाची रीत

किर्लोस्करवाडी उभी करणारी माणसे त्या काळच्या मोजमापाने यशस्वी नव्हती. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती; ते कारखान्याचे कुशल अभियंते बनले. हरकामी म्हणून आलेले शंभूराव जांभेकर वसाहतीची संपूर्ण व्यवस्था पाहू लागले. मंगेशराव रेगे साधे कारकून होते. हिशेब, पत्रव्यवहार आणि नोकरवर्ग यांचा कारभार त्यांच्याकडे आला. आधीच्या अनेक उद्योगांत अपयश पदरी पडलेले के. के. कुलकर्णी यांच्याकडे विक्रीचे काम देण्यात आले आणि ते त्यांनी यशस्वी करून दाखवले.

लक्ष्मणराव माणसाच्या मागील इतिहासापेक्षा त्याच्या अंगच्या गुणाकडे पाहत. याचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे, दरोडेखोरीसाठी तुरुंगात गेलेल्या दोघांना त्यांनी तेथून आणून वसाहतीचे रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून लोक मालमत्ता जपत, त्यांच्याच हाती मालमत्ता सोपवण्यात आली आणि तो विश्वास सार्थ ठरला. जातिभेदाबाबतही त्यांनी रूढीला बाजूला सारले. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांची मनाई होती.

त्यांच्या नेतृत्वाचे दोन विशेष यातून दिसतात. पहिला, काम सोपवले की त्याची जबाबदारीही पूर्णपणे सोपवणे. दुसरा, स्वतः कामाच्या जागी हजर असणे. ते दफ्तरापेक्षा ओतशाळेत व यंत्रांजवळ अधिक रमत. शेतकऱ्याला शब्दांपेक्षा चालता नांगर पटतो, त्याचप्रमाणे कामगाराला आज्ञेपेक्षा हाताने करून दाखवलेले काम पटते, अशी त्यांची वागण्याची तऱ्हा होती.

युद्धकाळातील टंचाई

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) परदेशी अवजारांची आयात रोडावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. त्याच वेळी कच्चे लोखंड व दगडी कोळसा मिळणे मात्र दुरापास्त झाले. या काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा वितळवून नांगर बनवण्यासाठी दिल्या. टंचाईवर मात करताना जे सामान हाती येईल त्यातून भट्टी चालू ठेवण्याचे कसब कारखान्याने मिळवले. युद्ध संपले तेव्हा किर्लोस्कर नांगर हे दख्खनमध्ये घरोघरी माहीत असलेले नाव झाले होते.

जाहिरात आणि ‘किर्लोस्कर खबर’

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (शंवाकि) हे चित्रकार होते. कारखान्याच्या जाहिरातींना त्यांनी निराळे वळण दिले. यंत्राचे वर्णन करण्याऐवजी यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र त्यांनी पुढे आणले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. कारखाना, विक्रेते व गिऱ्हाईक यांच्यात संपर्क राहावा, एवढाच त्याचा आरंभीचा हेतू होता.

थोड्याच काळात त्याने हा हेतू मागे टाकला. उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा व व्यंगचित्रे यांना त्यात स्थान मिळाले आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. नांगराच्या विक्रीसाठी निघालेल्या पत्रकाने पुढे मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला आकार दिला. नवी वस्तू रुजवायची तर आधी नव्याकडे पाहण्याची दृष्टी रुजवावी लागते, ही जाणीव या उपक्रमाच्या मुळाशी होती.

कंपनी आणि पुढील उत्पादने

१९२० मध्ये भागीदारीच्या उद्योगाचे ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि पोलादी फर्निचर अशी उत्पादने किर्लोस्करवाडीत होऊ लागली. लक्ष्मणरावांचे थोरले पुत्र शंतनुराव (जन्म १९०३) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. त्यानंतर विहिरीवरील मोटेची जागा घेणारे पंप आणि ते चालवणारी डिझेल इंजिने यांकडे कारखान्याचे लक्ष वळले.

या टप्प्यावर पित्याने पुत्राला मोकळीक दिली. स्वयंशिक्षित यंत्रज्ञाने पदवीधर अभियंत्याच्या हाती कारभार सोपवताना फळणीकर-रेगे यांच्याबाबत वापरलेलीच रीत घरातही पाळली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, तर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. हा विस्तार लक्ष्मणरावांच्या हयातीतच झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

लक्ष्मणरावांच्या यशाचे श्रेय पुष्कळदा त्यांच्या एकट्याच्या चिकाटीला दिले जाते. चिकाटी होतीच, पण रामूअण्णांची साथ, औंधच्या अधिपतींचा आश्रय आणि युद्धामुळे घटलेली आयात यांचाही त्यात मोठा वाटा होता. बेळगाव सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधचे कर्ज मिळाले नसते, तर नांगराचा प्रयोग तेथेच थांबला असता, असे मानण्यास जागा आहे.

त्यांच्या रीतीला मर्यादाही होत्या. किर्लोस्करवाडीत काम आणि घर एकाच मालकाकडून मिळत असल्यामुळे कामगाराचे जीवन कारखान्याशी पूर्णपणे जोडलेले असे. मालकाची दृष्टी उदार असेतोवर ही व्यवस्था सुखाची होती. तिला कुटुंबप्रमुखाच्या कारभाराचे रूप होते. लोखंडी नांगराचा लाभही प्रथम बैल आणि रोख पैसा बाळगून असलेल्या शेतकऱ्यालाच झाला. गावचे सुतारकाम त्यामुळे कमी झाले, ही त्याची दुसरी बाजू आहे.

तथापि, नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून त्यांनी नांगर गुंडाळून ठेवला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नांगर चालतो हे बांधावर दाखवण्याची आणि त्यासाठी हंगामामागून हंगाम थांबण्याची तयारी त्यांनी ठेवली. माणसांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. इतरांनी नाकारलेल्यांना संधी दिली आणि परिणामाची वाट पाहिली.

स्मृती

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट प्रसिद्ध केले. बेळगावातील एक रस्ता किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो. किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात आज प्रामुख्याने पंपांची निर्मिती होते.